उन्हाळ्याचं घर की राहतं घर?

हे कोणी खरं मानणार नाही. मी स्वतः तिथे होतो, डोक्यावर कागदी टोपी होती, गळ्यात लाळेरं होतं, आणि तरी सकाळी उठल्यावर मलाच वाटतं, एव्हर्ट, यात तू भर घातली असणार. पण आमचे आजोबा जे दीपगृह पत्त्यांत हरले, त्या दीपगृहाची शपथ घेऊन सांगतो, माझ्या धाकट्या भावाच्या मालमत्तेची सरकारी नोंद आम्ही क्रेफिश, म्हणजे ओढ्यातले नांगीवाले झिंगे, खाता खाता केली.

तोर्केल जूनमध्ये गेला. बोटीच्या इंजिनाला शिव्या देता देता गेला, आणि इंजिन त्याच क्षणी सुरू झालं. माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत वकिलाला बोलवायचं, वारसांनी बसायचं, मागे काय उरलं ते लिहायचं आणि सह्या करायच्या. वकील लिंडस्कूग यांना ऑगस्टातला एकच शनिवार मोकळा होता. आणि नेमका तोच शनिवार तोर्केल दर वर्षी द्यायचा त्या क्रेफिशच्या जेवणाचा, टोप्या नि लाळेरी घालून. दुसऱ्या कुठल्याही देशात कोणीतरी म्हणालं असतं, बाबांनो, दोघांतलं एक काहीतरी पुढे ढकला. आमच्याकडे? तोर्केलच्या मुलीने, दीसाने, तिच्या भावाला, होकनला, फोन केला, "तुला चालेल ना?" होकन म्हणाला, "तुला चालत असेल तर मला चालेल." दोघांनी मायकेनला विचारलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी काही बदलू नका." वकील म्हणाले, "माझी काहीच हरकत नाही." अशा रीतीने जे एकालाही नको होतं ते सर्वानुमते ठरलं.

मायकेन म्हणजे तोर्केलची बायको, असं ग्रोशेर बेटावरचा प्रत्येक माणूस सांगेल, आणि प्रत्येक माणूस चुकेल. मुलांच्या आईशी, बार्ब्रूशी, काडीमोड झाल्यावर तोर्केल जो मायकेनबरोबर राहायला लागला तो शेवटपर्यंत. तीस वर्षांच्या वर. लग्न तेवढं राहिलं. दर वर्षी जूनमधल्या सणाला करू म्हणायचे. एका वर्षी पाद्रीबाई आजारी, एका वर्षी हेरिंग मासळीचा असा थवा आला की अख्खं बेट समुद्रात, एका वर्षी दोघांचं भांडण. शेवटी मायकेन म्हणाली, "लग्नाने काय होणार? भांडी तीच राहणार ना घासायला?" तोर्केललाही ते पटलं. तसा तो भांडी घासायचा, म्हणून पटलं.

तर दुपारची बोट आली. धक्क्यावर पहिली उतरली दीसा, तोर्केलची थोरली. एका शाळेची मुख्याध्यापिका आहे ती, आणि चालते अशी की वाटेतले दगड सरळ रांगेत उभे राहावेत. तिने वर टेकाडावरच्या तोर्केलच्या तांबड्या घराकडे पाहिलं. पांढऱ्या खिडक्या, मागे वाफेच्या अंघोळीची खोली, सॉना, खाली होडीचं खोपटं. त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं ते मी तिच्याकडून नंतर काढून घेतलं, म्हणून सांगू शकतो. ती मनात म्हणत होती: मी वाईट बाई नाही. मायकेनची बहीण शहरात आहे, मायकेन काही रस्त्यावर येणार नाही. घर बाबांचं होतं. बाबांचं म्हणजे आता आमचं. विकायचं, आणि या बेटाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. एवढं सगळं मनात म्हणताना ती पिशवीतल्या चीजच्या खाऱ्या केकला जपत होती, कारण जेवणाला हात हलवत जायचं नाही, भले तुम्ही घर घ्यायला चालला असाल.

मागून होकन. हा तिच्याहून पाच वर्षांनी लहान, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, खांदे बैलाचे आणि काळीज चिमणीचं. आयुष्यात त्याने जे काही ठरवलं ते दीसाने ठरवलं. बोटीवर तिने त्याला सांगितलं होतं, "तू फक्त सही कर. बोलू नकोस." तो म्हणाला, "नाही बोलत." आणि घरात शिरल्या शिरल्या सरळ कोठीघरात गेला. तिथे मायकेन शेपूच्या जुड्या सोडवत होती. तो बोलायला लागला.

मी खिडकीखाली होतो. लाकडं घ्यायला गेलो होतो म्हणा हवं तर.

"मायकेन, वकील बोटीवर सांगत होते. तुला काहीतरी मिळू शकतं. घरातलं निम्मं. पण मागावं लागतं."

"मागायचं?"

"हो. आजच. नोंद पूर्ण झाली, सह्या झाल्या, की मग नाही. मग कधीच नाही."

मायकेनने शेपू हुंगला. "कोणाकडे मागायचं? तुझ्याकडे?"

"माझ्याकडे... म्हणजे आमच्याकडे. दीसाकडे."

"तुला हेरिंग साफ करायला मी शिकवलं, होकन."

"माहितीये."

"तुझ्या अंथरुणाच्या चादरी मी धुतल्या. कशासाठी ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही."

"मायकेन, जरा हळू!"

"आणि आता मी लाळेरं बांधून तुमच्यासमोर हात पसरायचा? या घराची प्रत्येक खिडकी मी रंगवलेली आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना मी दाखवणार नाही. जा, कंदील टांग."

होकन बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उकडलेल्या क्रेफिशसारखा लाल झाला होता. मला बघून म्हणाला, "काका, तू ऐकत होतास?"

"मी बहिरा आहे," मी म्हटलं.

तो गेला कंदील टांगायला. हसऱ्या चंद्राच्या तोंडाचे ते कागदी कंदील त्याने सफरचंदाच्या झाडावर उलटे टांगले. सगळे चंद्र रडवेले दिसत होते.

टेबल बागेत मांडलं. मध्यभागी परात, परातीत शेपूच्या फुलांत उकडलेले लालभडक क्रेफिश. या वर्षीचे इतके मोठे होते की एकाने वकिलांची कागदी टोपी नांगीत धरली आणि सोडली नाही. बरं, तो उकडलेला होता, पण सोडत नव्हता. एका टोकाला दीसा, दुसऱ्या टोकाला मायकेन, मध्ये वकील, त्यांच्या एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात नांगी फोडायचा चिमटा. नोंदीला बाहेरची दोन माणसं लागतात, एक वकील स्वतः, दुसरा म्हणून शेजारचा एलोफ बोलावला होता. एलोफ फक्त खात होता.

"बोट एक," वकील म्हणाले. "सुर्रर्र. माफ करा, रस सांडला. जाळी. बर्फावरची स्कूटर, चालू स्थितीत?"

"चालू," होकन म्हणाला.

"बंद," मायकेन म्हणाली.

"मनात आलं तर चालते," मी म्हटलं. वकिलांनी तसं लिहिलं.

मग एक घोट दारूचा, एक गाणं, मग शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ, मग पुन्हा घोट. चौथ्या घोटापर्यंत वकील लिंडस्कूग सुरात गायला लागले होते, आणि मी तुम्हाला सांगतो, इतकी चांगली नोंद आमच्या घराण्यात आजवर झालेली नाही. आमच्या आत्याच्या वेळी तर मांजराची वाटणी करता करता दोन भाऊ बोलायचे बंद झाले होते.

"आता घर," वकील म्हणाले आणि सगळे चिमटे थांबले. "मालक तोर्केल. वापर, उन्हाळी निवास, असं दीसाताईंनी कळवलंय. जाणार मुलांकडे, दोघांत सारखं."

"एक मिनिट," मी म्हटलं. "आणि मायकेन?"

"मायकेनताई वारस नाहीत."

"अहो, तीस वर्षं! तीस वर्षं म्हणजे लग्नच की!"

इथे वकिलांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला असणार की उत्तर त्यांना झोपेतही येत असेल. "सगळ्यांना तसंच वाटतं. पण वर्षांनी लग्न लागत नाही. शंभर वर्षं एका पलंगावर झोपा, वारसा नाही म्हणजे नाही. मात्र एक आहे. दोघांनी मिळून राहण्यासाठी म्हणून घर घेतलं असेल, तर ते कोणाच्याही नावावर असो, मागे राहिलेल्याला निम्मं मागता येतं. आणि ज्याला घराची जास्त गरज, त्याला ते ठेवून घेता येतं. पण उन्हाळ्यापुरतं घेतलेलं घर त्यात बसत नाही. आणि मागायला हवं. आज. मी कोणाच्या वतीने मागू शकत नाही."

सगळ्यांनी मायकेनकडे पाहिलं. मायकेन परातीकडे पाहत होती.

परातीत एक क्रेफिश उरला होता.

आता आमच्याकडे परातीतला शेवटचा तुकडा कोणी उचलत नाही. त्याचा अर्धा करतील, त्या अर्ध्याचा अर्धा करतील, तो चिमणीच्या घासाएवढा उरेल, वाळेल, उद्या मांजर खाईल, पण उचलणार नाही. मी जगभर फिरलो. वादळात डोलकाठी मोडलेल्या जहाजावर दोन आमचे खलाशी मी पाहिलेत, शेवटच्या बिस्किटासमोर बसून एकमेकांना "तू घे," "नको, तू घे" करताना. त्यामुळे तो क्रेफिश तिथे होता आणि नव्हताही. एलोफने, ज्याने एकट्याने अर्धी परात संपवली होती, त्यानेही नजर फिरवली होती.

मायकेनला त्या क्षणी काय वाटलं ते तिने मला सांगितलंय. तिला आधी वाटलं, उठावं आणि कॉफी टाकावी. कॉफी टाकली की माणसं हलतात, प्याले निघतात, सह्या होतात, बोट येते, सगळं पार पडतं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. दीसाच्या लग्नात ती कॉफी ओतत होती आणि फोटोवाल्याने तिला वाढपी समजून बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली होती. तोर्केलच्या अंत्यविधीला पहिल्या बाकावर कोणी बसायचं यावर कुजबुज सुरू झाली तेव्हा ती आपण होऊन तिसऱ्या बाकावर गेली होती. उठावं, कॉफी टाकावी. तिचे गुडघे उठायला लागलेही. आणि मग तिला राग आला. दीसाचा नव्हे, स्वतःच्या गुडघ्यांचा.

तिने हात लांब केला, शेवटचा क्रेफिश उचलला आणि मोडला. कडाक!

एलोफच्या घशात घास अडकला.

"मला माझा वाटा हवाय," मायकेन म्हणाली. "घरातला. लिहा, वकीलसाहेब. मी मागतेय." आणि तिने नांगीतला रस असा ओढला की खाली धक्क्यावरचे सीगल पक्षी उडाले.

मग जे सुरू झालं! होकन टाळी वाजवून बसला आणि मग हात लपवायला लागला. वकिलांचं पेन सापडेना, ते परातीत सापडलं. दीसा पांढरीफटक पडून म्हणाली, "काय चाललंय हे? आपण जेवतोय!"

"आपण नोंद करतोय," मायकेन म्हणाली. "जेवण संपलं. शेवटचा मी खाल्ला."

"मायकेन, हे उन्हाळ्याचं घर आहे. बाबांनी सुट्टीसाठी घेतलं. एकट्याने. तू नंतर आलीस."

"नंतर?"

"नंतर. इथे राहायला लागलात ते किती उशिरा! बाबा निवृत्त झाल्यावर."

"मी पहिल्या दिवसापासून इथे आहे, दीसा. पुढे तुझ्या शाळेसाठी म्हणून आम्ही शहरात खोली घेतली. पण घेतलं ते राहायला घेतलं."

"मला तसं काही आठवत नाही."

मायकेनने लाळेरं सोडलं. "तुला आठवत नाही?"

"नाही."

"मला वाटतं मायकेन खरं सांगतेय," होकन म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं वाक्य असेल ज्याला बहिणीची परवानगी नव्हती.

"तू तेव्हा चार वर्षांचा होतास आणि आईकडे होतास! तुला कसं माहीत?"

"मला माहीत नाही. मला वाटतं, असं म्हटलं मी."

"मग गप्प बस!"

"नाही बसणार!" होकन ओरडला, आणि लगेच केकचा तुकडा तोंडात घालून गप्प बसला.

वकिलांनी टोपी काढली. ते एकदम शुद्धीवर आल्यासारखे दिसले. "दोन्ही बाजू वेगळं सांगत असतील तर मी काय ते ठरवणार नाही. कोर्टात जावं लागेल. तिथे साक्षी, कागद, वर्ष-दोन वर्षं."

"कोर्टात मी जाणार नाही," मायकेन म्हणाली. "तोर्केलच्या मुलांशी मी कोर्टात उभी राहणार नाही. इथे बोलले, इथेच काय ते व्हायचं. नाही झालं तर ही किल्ली घ्या." आणि तिने खरंच कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

दीसा त्या किल्लीकडे बघत राहिली. जिंकलेल्या माणसासारखी काही ती दिसत नव्हती. पण किल्ली परतही सरकवत नव्हती.

खाली दूरवर संध्याकाळच्या बोटीचा भोंगा वाजला. वकील कागद गोळा करायला लागले.

"थांबा!" मी म्हटलं. "मी साक्षीदार आहे. घर घेतलं त्या दिवशी मी होतो."

टेबलाभोवती 'झालं याचं सुरू' असा जो सुस्कारा उठला तो मी आधीही ऐकलाय. पाद्रीबाईंनी तो सोडलाय, तटरक्षकांनी सोडलाय.

"काका, प्लीज," होकन म्हणाला.

"एव्हर्ट," मायकेन म्हणाली, "नको. तुझ्या साक्षीने माझं होतंय तेही जाईल."

"बोलू दे त्यांना," दीसा म्हणाली आणि हात बांधून मागे टेकली. "ऐकू तरी."

मी घसा साफ केला. एलोफने माझा प्याला भरला, तो अशा वेळी हुशार असतो.

"जानेवारी होता," मी म्हटलं. "समुद्र असा गोठला होता की खालचे मासे वर बघून हात जोडायचे. हे घर तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर होतं. आम्ही ते ओंडक्यांवर चढवलं आणि दोन एल्क जुंपले, घोड्याएवढी हरणं ती, ज्यांच्या शिंगांवर माणूस झोपेल अशी. मी पुढे, तोर्केल मागून ढकलतोय, आणि मायकेन वर धुराड्यावर बसून मोजे विणतेय."

"लिहू का हे?" वकिलांनी हळूच विचारलं.

"लिहा. घर बर्फावरून निघालं. चूल पेटलेली, आत कॉफी उकळतेय, वाटेत थेंब सांडला नाही."

दीसाच्या बांधलेल्या हातांची बोटं दंडात रुतायला लागली. "घर ओढून आणलं," ती म्हणाली. "धुराड्यासकट."

"धुराड्यासकट. आणि इथे किनाऱ्यावर कोण उभं? आमची दीसा! नऊ वर्षांची. लाल टोपी. बर्फावर नाचतेय, टाळ्या पिटतेय."

"मी नाचत नव्हते."

"नाचत होतीस! गात होतीस. आणि घर थांबल्याबरोबर धावत आलीस, मायकेन धुराड्यावरून उतरली, आणि तू तिच्या गळ्यात पडून म्हणालीस, आई आली, माझी नवी आई..."

"खोटं!"

दीसा उभी राहिली होती. खुर्ची मागे पडली. तिच्या टोपीची दोरी तुटून टोपी एका कानावर लोंबत होती.

"खोटं, खोटं, साफ खोटं! तू तिथे नव्हतासच, काका! तू तेव्हा ब्राझीलच्या बंदरात होतास, तुझं पोपटाचं पोस्टकार्ड आलं होतं मला! जानेवारी नव्हता, नोव्हेंबर होता! बर्फ नव्हता, नुसता गारठलेला पाऊस, आणि घर कोणी ओढलंबिढलं नाही, घर इथेच होतं, आम्ही आलो, गुरं नेतात त्या तराफ्यावरून, पलंग आणि भांडी आणि हिवाळ्याची लाकडं घेऊन! आणि मी हिच्या गळ्यात पडले नाही! मी हिच्या हाताला चावले!"

"रक्त आलं होतं," मायकेन म्हणाली.

"यायलाच हवं होतं! मला विचारलं होतं कोणी? माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, सगळं सोडून या खडकावर! आणि ही बाई शिवणयंत्र मांडीवर घेऊन बसलेली, भिजू नये म्हणून स्वतःचा कोट त्यावर, आणि चावले तरी हात काढला नाही हिने, आणि बाबा..."

दीसा थांबली. वकिलांचं पेन कागदावर चालत होतं, तेही थांबलं. होकनने तोंडातला केक गिळला नव्हता. बोट धक्क्याला लागत होती. तिला खाली बसता आलं असतं. कोणी एक शब्द बोललं नसतं, आम्ही तसले लोक आहोत, आम्ही कॉफी टाकली असती.

तिने कानावरची टोपी ओढून काढली आणि मायकेनकडे पाहिलं. मग किल्ली उचलून मायकेनच्या ताटाशी सरकवली.

"लिहा," ती वकिलांना म्हणाली. तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज मधेच फाटत होता. "बाबा म्हणाले, 'चाव हवं तेवढं, पण आजपासून आपण तिघं इथेच राहणार, उन्हाळा असो की हिवाळा.' हे माझ्या नावाने लिहा. माझी सही घ्या. आणि खाली हेही लिहा, की एल्क नव्हते, धुराड्यावर कोणी बसलं नव्हतं, आणि हा माणूस पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खोटं बोलतोय!"